यान्बूतील अंबाडी

विभावरीबाईंचे माहेर परभणीकडचे, त्यामुळे अंबाडीची भाजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पती गिरीशराव सौदी अरेबियातील यान्बूच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात अभियंता झाले आणि बाईंच्या वाट्याला समुद्राचा खारा वारा व गोठवलेला पालक आला. तीन वर्षे त्यांनी कुरकुर केली नाही. चौथ्या वर्षी, २००५ साली, त्यांनी माहेराहून मूठभर बी आणवले आणि घरामागच्या अंगणात पेरले. रोपे कमरेइतकी वाढली. बाई त्यांच्याशी रोज गप्पा मारू लागल्या.

एका शुक्रवारी गिरीशरावांचे सहकारी अमोघ चहाला आले. ते पूर्वी कॅलिफोर्नियात नोकरीला होते. कपबशी घेऊन अंगणात गेले आणि जागीच थिजले.

"वहिनी, हा गांजा कशाला लावलात?"

"गांजा? अहो भावोजी, अंबाडी आहे ती!"

"पान बघा ना! लांबलांब बोटं, करवतीसारख्या कडा. कॅलिफोर्नियात डॉक्टरची चिठ्ठी असली तर आजारी माणसाला अशी मोजकी रोपं लावता येतात. माझ्या शेजाऱ्याकडे होती. इथे चिठ्ठीबिठ्ठी चालत नाही. सरळ तुरुंग!"

गिरीशरावांच्या तोंडचे पाणी पळाले. "विभा, आत्ताच्या आत्ता उपट!"

"आणि टाकू कुठे? कचऱ्यात कचरेवाला पाहील. जाळली तर धूर साऱ्या वस्तीला सांगेल."

"पुरून टाकू."

"हो, दोन इंजिनिअर अंधारात फावडे घेऊन निघा. म्हणजे पोलिसांची खात्रीच पटेल!"

दुसऱ्या दिवशी वस्तीचे व्यवस्थापक अली गॅसची जोडणी तपासायला घरोघर येणार होते. त्यांना संशय आला असता तर नोकरी, इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना आणि मोकळीक, तिन्ही गोष्टींवर पाणी सोडावे लागले असते. बाईंनी मात्र मनाशी ठरवले की लपवाछपवी करायची नाही. अली येताच त्यांनी स्वतःच त्यांना अंगणात नेले.

अलींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मदाम, ये क्या है?"

बाईंनी एक पान तोडले, तोंडात टाकले आणि चावले. आंबटपणाने त्यांचा एक डोळा मिटला. दुसरे पान त्यांनी अलींपुढे धरले. "सब्जी है, अलीभाई. आप भी खाइए."

अलींनी पानाचा तुकडा दाताखाली धरला, तोंड वेडेवाकडे केले आणि खो खो हसले. "वल्लाह, ये तो नींबू है!"

मग ते गंभीर झाले. "मैंने चखा, मैं समझा. रास्तेवाला देखेगा, चखेगा नहीं. आज ही काटो. खलास."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. परंतु अलींचे म्हणणे रास्त होते. त्यांनी सारी अंबाडी कापली, ज्वारीच्या कण्या घालून शिजवली आणि वरून लसणाची खमंग फोडणी दिली. जेवायला बोलावलेल्या अमोघांनी तीनदा वाढून घेतले.

"काय भावोजी, चढली का?"

"वहिनी, आता लाजवू नका. वाढा!"

अलींच्या घरीही वाडगा गेला. आठवड्याने ते तो खजूर भरून परत घेऊन आले. त्यांच्या पत्नी शरीफा यांनी निरोप धाडला होता: सब्जी पुन्हा कधी?

"छोटे पौधे का पत्ता गोल होता है," बाई हळूच म्हणाल्या. "उंगलियाँ बाद में निकलती हैं."

अलींनी मान डोलावली. "तो उंगलियाँ निकलने से पहले काटो."

उरलेले बी त्याच दिवशी पेरले गेले. तेव्हापासून गिरीशराव कामावरून परतले की बूट काढण्याआधी अंगणात जाऊन एकेक पान तपासू लागले.