सखूकाकूची भिंत

आज रंगासाठी पळसाची वाळलेली फुलं उकळत ठेवली आणि त्या मातकट वासाबरोबर पाटोद्याजवळच्या आमच्या गावातली सखूकाकूची भिंत डोळ्यांसमोर आली.

शेजारची सखूकाकू ऊसतोडीला निघायच्या आधी आतल्या भिंतीवर घरातली सगळी माणसं काढायची. मागं घर ओस पडू नये म्हणून. केशरी रंग पळसाचा, काळा बॅटरीच्या संपलेल्या सेलांमधल्या भुकटीचा. डोळे मात्र कुणालाच नसायचे.

एका वर्षी मी विचारलं, "काकू, डोळे कावून न्हाईत?"

"आल्यावर काढायचे, बाई. आत्ताच काढले तर माणूस हितंच ऱ्हातंय."

त्या उन्हाळ्यात बाकीचे परतले, काकू आली नाही. तिकडंच उसाच्या फडात तिला साप चावला होता. काकांनी घराचं कुलूप काढलं तेव्हा मी त्यांच्या मागंच उभी होते. भिंतीवरची सगळी माणसं होती तशीच आंधळी होती. फक्त काकूला डोळे होते. काकांनी हळूच बोट लावलं, तर बोट काळं झालं. रंग ओला होता.

तेव्हा मी किंचाळत घरी पळाले. आता वाटतं, बिचारी एवढ्या लांबून सगळ्यांच्या आधी घरी पोचली होती.