अळूतली पट्टेरी बया

आज नातीसाठी अळूवड्या करायच्या, तर परसातल्या अळूची पार चाळण झालेली! वैतागून ओली वीट उचलली. खाली बटणाएवढ्या चपट्या गोगलगाई होत्या. त्या कुजका पाला खातात, त्यांना काय बोलायचं? पण पलीकडे मुठीएवढी, टोकदार पट्टेरी शंखाची एक बसली होती. हीच ती बया!

नवी नवरी असताना मी हिच्यासारखीच एखादी उचलून अळूच्या सावलीत ठेवायची. "पाठीवर माहेर घेऊन आलीय बिचारी," म्हणत वर डोळेही पुसायची. बावळट मेली! दयाळू होणं किती सोपं असतं, अळू सासूबाईंचं असलं की!

तिच्यावर टाकायला मी मीठ आणायला वळले, तर नात ओरडली, "आजी, नको गं! घर घेऊन फिरते ती."

"बरं. मग अळूवड्याही तिच्याकडेच माग."