ब्रश धुतलेलं पाणी

आज लेकीवर ओरडणारच होते, थोडक्यात राहिलं.

तीन दिवस मी आमच्या पुरानी बस्तीतल्या तलावाचं चित्र रंगवते आहे. संध्याकाळच्या पाण्याचा रंग काही जमेना. दुपारी चिडून ब्रश धुतलेलं पाणी फेकायला उठले, तर सहा वर्षांची मनू आडवी आली.

"मम्मी, मत फेंको! मेरा तालाब है."

त्याच गढूळ पाण्यात बोटं बुडवून तिने कागदभर तलाव पसरवला होता. जांभळट, मऊ, झोपेत दिसावा तसा. मला हवा होता तोच रंग. मी कितीतरी वेळ त्या कागदावरच्या तलावाच्या काठाशी बसून राहिले.

मग विचारलं, "मनू, थोडं पाणी मले देशील का?"

"हव," तिने मान डोलावली. "पर गंदा मत करना."

आता दोन्ही तलाव शेजारी शेजारी वाळत आहेत. तुमच्या पोरांनी तुम्हाला काय फेकू दिलं नाही?