येळवशीच्या दिवशी घरचा डबा

रत्नपालला सहलीचं वेड होतं असं म्हणणं बरोबर नाही. वेड त्याला वेळापत्रकाचं होतं, सहल हे नुसतं निमित्त. चिंचवडला असताना सिंहगडावर जायचं झालं तरी घराला कुलूप लावण्यापासून वर पिठलं-भाकरी खाण्यापर्यंत सगळं कागदावर टाइप केलेलं असायचं. पिठलं दहा मिनिटं उशिरा आलं, तर ती दहा मिनिटं तो उतरताना बायकोच्या चालण्यातून वसूल करायचा. बायको राजश्री पंधरा वर्षं ते सोसत आली होती. बारा वर्षांची मुलगी स्नेहल सोसत नव्हती, पण तिला विचारतो कोण!

फेब्रुवारीत त्याची बदली बीदरला, कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामावर झाली. शहरात गुरुशांतप्पांच्या माडीवर भाड्याने दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच दिवशी रत्नपालने बाबासाहेबांची तसबीर लावली, तिच्या शेजारी एक खिळा ठोकला आणि त्या खिळ्याला पहिलं वेळापत्रक अडकवलं. नव्या मुलखात रुजायचं तर आधी मुलूख पाहिला पाहिजे, हे त्याचं तत्त्वज्ञान. दर रविवारी जुनी चारचाकी निघायची. बीदरचा किल्ला तीनदा झाला: पहिल्यांदा ऊन लागलं, दुसऱ्यांदा माकडांनी डबा नेला, तिसऱ्यांदा सगळं वेळेत पार पडलं आणि रत्नपालच्या मते तीच खरी भेट. नरसिंह झरणीच्या भुयारात तो देवासाठी नव्हे, पाण्यासाठी गेला. छातीएवढ्या पाण्यातून चालताना माणसं लेकरांना खांद्यावर घेत होती, हा गृहस्थ वेळापत्रक डोक्यावर धरून चालला होता. स्नेहल मागून आईचा पदर धरून.

राजश्रीला यातल्या कशात रस नव्हता. चिंचवडला तिचं शिवणकाम होतं. सकाळपासून बायकांचा राबता, कुणाचा ब्लाउज, कुणाच्या सासूची गाऱ्हाणी, मशिनीपेक्षा तोंडं जास्त चालायची. इथे मशीन कोपऱ्यात झाकून पडलेलं. खालच्या गल्लीत कानडी, दखनी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू यायची आणि वाक्य संपेपर्यंत ते आपल्यासाठी होतं की गायीसाठी, हेच तिला कळायचं नाही. दिवाळीत लाडूचं ताट समोर ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "आठ महिने दगड पाहिले तुमचे. डिसेंबर संपायच्या आत एका तरी घराने आपल्याला जेवायला बोलावलं, तर मी इथे राहीन. नाहीतर परीक्षा झाली की स्नेहलला घेऊन मी चिंचवडला. तुम्ही बसा किल्ले मोजत."

ती नुसतं बोलली नाही. स्नेहलच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज लिहून, सही करून तिने पर्समध्ये ठेवला. फक्त तारीख घालायची राहिली होती. रत्नपालने तो अर्ज एकदा पाहिला आणि त्या रात्री पुढच्या रविवारचं वेळापत्रक टाइप करताना त्याने चहाची वेळ दोनदा घातली. बायको गेली तर सहलीला न्यायचं कुणाला, एवढंच दुःख होतं असं नाही. राजश्रीशिवाय त्याला चहाची साखरही सापडत नसे.

आता गंमत अशी की आमंत्रणं रोज येत होती. जिना चढताना गुरुशांतप्पा दारातून हाक मारायचे, "या की साहेब, जेवायला!" रत्नपाल छातीवर हात ठेवून "हो हो, नक्की" म्हणायचा आणि वर यायचा. त्याच्या चिंचवडी हिशेबात आमंत्रणाला वार, वेळ आणि पत्ता लागतो. ते नसेल तर समोरचा नुसता सभ्य माणूस आहे आणि आपणही सभ्यपणे "नक्की" म्हणून सुटायचं असतं. राजश्रीचंही मत तेच. दोघांनी मिळून दहा महिने सभ्यपणा केला. खाली गुरुशांतप्पांची बायको नागम्मा म्हणे, "माणसं बरी हायेत, पण लई मोठी हायेत. आपल्याकडं कशाला जेवतील?"

डिसेंबरात येळवस आली. वेळ अमावस्येला इकडे गाव घरात राहत नाही. सगळं शेतात जातं, कडब्याची खोप करतं, पाच दगड पाच पांडव म्हणून मांडतं आणि दिसेल त्याला जेवू घालतं. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याचं शेत असतंच, हे इकडच्या लहान पोरालाही ठाऊक. रत्नपालला ठाऊक नव्हतं.

"परवा येळवस हाय, शेताकडं या समदे," गुरुशांतप्पा म्हणाले.

"नक्की."

गोदामात मालाची नोंद ठेवणारा अमरदीप म्हणाला, "साहेब, येळवशीला आमच्याकडं बरं का. आई वाट बघायलीय."

"नक्की, नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले हावगेप्पा आले. "उद्या दूध न्हाई, मालक. शेताकडंच या, आंबील पिऊ."

"अगदी नक्की!"

तीन घरांना शब्द देऊन हा माणूस वर आला आणि बायकोला म्हणाला, "उद्या शेतकऱ्यांचा सण आहे. आपल्याला शेत नाही. म्हणजे आपल्याला सुट्टी. बसवकल्याणचा किल्ला उरकून टाकू."

येळवशीच्या दिवशी गाडी साडेनऊला निघाली. नऊ चाळीसला चहा होता, पण रस्त्यावरची एकूण एक टपरी बंद. दहा वाजताही बंद. माणसं मात्र रस्ताभर होती, ट्रॅक्टरवर, बैलगाडीवर, दुचाकीवर चौघं-चौघं, डोक्यावर टोपली घेऊन, आणि सगळी रस्त्यावरून शेतात वळत होती. "बघा, यांना सगळ्यांना कुठेतरी जायचंय," राजश्री खिडकीतून बघत म्हणाली. तिचा आवाज असा झाला की रत्नपालने दुसरा गिअर टाकायच्या ऐवजी चौथा टाकला आणि गाडी बंद पडली. पडली ती पडलीच. स्नेहल म्हणाली, "मला भूक लागलीय." वेळापत्रकात जेवण साडेबाराला होतं. रत्नपालने आयुष्यात पहिल्यांदा तो रकाना मोडला.

बांधावरच्या चिंचेखाली चादर अंथरून डबा उघडला. चपाती, बटाट्याची भाजी, लोणचं. स्नेहलने आईच्या फोनवर फोटो काढला आणि "आमची सहल" असं लिहून स्टेटसला टाकला. दोन घास झाले नाहीत तोच तुरीच्या ओळींतून एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, हातात पळी, डोळ्यांत अंगार.

"काय खायलाव?"

"भाजी-चपाती," रत्नपाल उभा राहिला. "माफ करा आजी, शेत तुमचं आहे का? आम्ही कचरा करणार नाही. पंधरा मिनिटांत निघतो." पुरावा म्हणून त्याने वेळापत्रक पुढे केलं.

म्हातारीने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "येळवशीच्या दिशी माझ्या शेतात बसून डबा खायलाव? कामून? ह्या शांतम्माची भज्जी इटलीय का? माणसं काय म्हणतील मला? पाव्हणे बांधावर आन ही आत बसून गिळायली!" तिने पळीनेच डब्याचं झाकण ओढून लावलं. "उठा. बर्री, बर्री, या आत. लेकराला उनात काय बसिवलाव!"

खोपीपाशी वीसेक माणसं पंगतीत होती. कोण, कुठले, कुणाचे, असं एकानेही विचारलं नाही. नुसतं सरकून जागा केली. हिरव्या तुरीची, वाटाण्याची, पालेभाज्यांची घट्ट भज्जी आली, सजगुऱ्याची म्हणजे बाजरीची भाकरी आली, त्याच पिठाचे वाफवलेले गोळे, उंडे आले, मडक्यातली गार आंबील आली. रत्नपालने तिसऱ्या वाढपाला "पुरे" म्हटलं आणि शांतम्माने ते ऐकू न आल्यासारखं करून पळी उपडी केली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"साहेब, कुठं हाव?" गुरुशांतप्पांचा आवाज चढलेला होता. "साडेदहापासून वाट बघायलाव आमी. नागम्मा जेवली न्हाई तुमच्यापायी. आन तुमी दुसऱ्याच्या शेतात डबा खायलाव? पोरीच्या फोटूत दिसायलंय की समदं!"

"अप्पा, तुम्ही... खरंच बोलावलं होतं?"

"मग काय खोटं बोलावतेत व्हय?"

रत्नपालचा हात भज्जीत तसाच राहिला. त्याने राजश्रीकडे पाहिलं. "अगं, ते खरंच बोलावत होते. दहा महिने." मग हळूच म्हणाला, "आणि आज तिघं."

अर्ध्या तासात दोन दुचाकी आणि एक ट्रॅक्टर शांतम्माच्या बांधाला लागले. स्टेटस सगळ्यांनीच पाहिलं होतं. फोटोतली चिंच आणि तिच्या मागची सिमेंटची टाकी ओळखायला इकडच्या माणसाला पत्ता लागत नाही. गुरुशांतप्पा म्हणाले, भाडेकरू माझे. अमरदीप म्हणाला, साहेब माझे, आईने तिळाच्या भाकरी केल्यात. हावगेप्पा म्हणाले, रोजच्या दुधाचा काही मान हाय का न्हाई? शांतम्मा पळी घेऊन मध्ये उभी राहिली. "माझ्या शेतात सापडलेत. सोडणार न्हाई." वर्षभर ज्याला कुणी विचारत नाही असं वाटत होतं, त्या माणसाची चार बाजूंनी ओढाताण चालली होती. रत्नपालला गहिवरून आलं आणि ढेकरही आला.

शेवटी ठरलं की बंद गाडी इथेच राहू द्यायची, पाव्हण्यांना ट्रॅक्टरवर घालून सगळीकडे फिरवायचं आणि संध्याकाळी शांतम्माच्या हवाली करायचं. रत्नपालने वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला पेनने नवे रकाने आखायला घेतले. गुरुशांतप्पांनी हळूच पेन काढून स्वतःच्या खिशाला लावलं.

गुरुशांतप्पांच्या शेतात ते दीड वाजता जेवले, अमरदीपकडे तीनला, हावगेप्पांकडे कधी ते रत्नपालला सांगता येणार नाही. तोवर तो खोपीला टेकून नुसता श्वास घेत होता. नागम्माने राजश्रीला पाव्हणी म्हणून बसू दिलं नाही. हातात भज्जीचं भांडं दिलं आणि वाढायला लावलं. राजश्री बेताने वाढू लागली तशी नागम्मा पंगतीच्या त्या टोकावरून ओरडली, "असं चमच्याचमच्यानं कुणाला वाढायलीस ग? औषध हाय का?" सगळी पंगत हसली. दहा महिन्यांत राजश्रीवर पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने ओरडलं होतं, आपल्या सुनेवर ओरडावं तसं, आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळे पुसायला तिने ठसका लागल्याचं सोंग केलं. मग पदर खोचून तिने अशी पळी चालवली, की हावगेप्पांच्या शेतात पोचेपर्यंत ती स्वतःच लोकांना "असं कसं पुरे?" म्हणून दटावत होती. कुणाच्या तरी सुनेचा ब्लाउज बगलेत कुठे चुकलाय, हेही तिने बघितल्या बघितल्या सांगून टाकलं. दोघीजणी मापाला येतो म्हणाल्या. या वेळी राजश्रीने वार आणि वेळ विचारली नाही.

दिवस कलताना ट्रॅक्टर शांतम्माच्या शेतात परत आला. तिच्या मुलाने गाडी तोवर चालू करून ठेवली होती. शांतम्मा उरलेले उंडे आणि भज्जी बांधून द्यायला बसली. "नको" म्हणायची ताकद कुणातच नव्हती.

"कागद हाय का एखादा?" तिने विचारलं.

रत्नपालने खिशात हात घातला. वेळापत्रकाची घडी त्याने उघडली, एकदा वाचली. नऊ चाळीस, चहा. साडेअकरा, किल्ला. बारा तीस, भोजन. त्याने कागद शांतम्माला दिला. तिने त्यावर सहा उंडे ठेवले आणि मान हलवली. "ह्येच्यात मावत न्हाई. आनिक एक द्या."

रत्नपालने खिसे चाचपले. काही नव्हतं. राजश्रीने पर्स उघडली, आत खोलवर हात घालून चौघडी केलेला कागद काढला आणि मांडीवर तळहाताने नीट सपाट केला. स्नेहलने मान लांब करून बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"अगं, तो तर दाखल्याचा..." रत्नपाल म्हणाला.

"कागद ओला व्हायला लागलाय बघा उंड्यांनी," राजश्री म्हणाली आणि तिने अर्ज शांतम्माच्या हातात दिला. "घ्या आजी, जाड कागद आहे. आणि थोडी भज्जी जास्त घाला, उद्या सकाळी यांना डब्यात देते."