माझ्या मागचे गृहस्थ

पुण्याहून आमचा सायकलस्वारांचा गट डिसेंबरात कोकण किनाऱ्याने निघाला होता. सगळ्यांच्या मागे मी, आणि माझ्याही मागे नारायण पेठेतले एक सत्तरीचे गृहस्थ. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. चढ आला की ते उतरायचे, कानटोपी काढून हँडलला अडकवायचे आणि सायकल ढकलत चालायचे. मग मलाही उतरायला लाज वाटायची नाही.

"दमलात का?" मी एकदा विचारलं.

"अहो, कुणीतरी शेवटचं लागतंच. ते तुम्ही नाही, एवढं बघा."

तिसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. सायकल सामानाच्या टेम्पोत टाकून मी ड्रायव्हरशेजारी बसलो. पुढच्या चढावर ते दिसले. कानटोपी डोक्यावरच होती. एकदाही न उतरता ते चढून गेले.