सरांच्या स्क्रीनएवढी मेथड

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सरांच्या स्क्रीनवरची अक्षरं वर्षभरात मोठी मोठी होत गेली. शेवटी ती दुकानाच्या पाटीवर शोभतील एवढी झाली. शुगर डोळ्यांत उतरली होती. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच तो विषय काढत नव्हतं.

जालना रोडवर, एका दवाखान्याच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे. शेंद्र्यातल्या कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. अक्षर मोठं केलं की स्क्रीनवर ओळी कमी मावतात. लांबलचक मेथड, म्हणजे प्रोग्राममधला नाव दिलेला एक तुकडा, वाचताना सर खाली पोचेपर्यंत वरचं विसरायचे, मग परत वर जायचे. मारुतीच्या शेपटासारखं लांबणारं काहीही मला तसंही सहन होत नाही. मला निमित्तच मिळालं. सरांच्या स्क्रीनवर न मावणारी मेथड फोडायची, असा नियम मी केला. एका मेथडनं एकच काम करायचं आणि ते तिच्या नावावरून कळलं पाहिजे. काम तेच ठेवायचं, बदलायची ती फक्त मांडणी. याला आमच्यात रिफॅक्टरिंग म्हणतात. नव्या पोरांनी कुरकुर केली. मी दाद दिली नाही.

एक मेथड मात्र तशीच राहिली. गाडी फाटकातून आत आल्यापासून पावती निघेपर्यंतचं सगळं तिच्यात होतं. सरांनी ती ऑफिसच्या सुरुवातीच्या काळात लिहिलेली. "तिला हात लावू नको," ते म्हणायचे. "मला ती पाठ हाय."

मग एका कारखान्याला त्यात बदल हवा होता. गाडीत दोन प्रकारचा माल असेल तर पहिला उतरवल्यावर मधे एकदा वजन घ्यायचं.

"हे तुम्ही एकट्यानं करून दाखवा," आमच्या ऑफिसचे मालक सरांना म्हणाले. "नाहीच जमलं तर आता घरी आराम करा."

आवाज गोड होता. सरांची मुलगी तेव्हा फार्मसी शिकत होती आणि घरात कमावणारे ते एकटेच.

सरांनी आठवणीच्या भरवशावर नव्या ओळी घातल्या. चाचणीत रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जड निघाली. सर डोळ्यांसाठी रजेवर होते तेव्हा अडलेल्या कामापायी आम्ही त्या मेथडमध्ये भर घातली होती. ती त्यांना कुठून पाठ असणार?

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"लई झालं," ते म्हणाले. "मला दिसत नाय. तू वाच, मी सांगतो कुठं तोडायची."

त्यांच्या नव्या ओळी आधी काढून टाकल्या. मग दुपारभर मी वाचत गेले आणि ते तोडत गेले. भरलेलं वजन घेणं वेगळं, रिकामं वजन वेगळं, पावती वेगळी. प्रत्येक तुकड्याला नाव त्यांनीच दिलं. तुकडा निघाला की चाचणी चालवायची, जुन्या पावत्यांशी वजनं जुळली की पुढचा. संध्याकाळी मुख्य मेथड मूठभर ओळींची उरली. सरांनी ती वरखाली न करता एका दमात वाचली.

"हे माझंच हाय व्हय?"

"तुमचंच, सर."

दुसऱ्या दिवशी मालक मागं खुर्ची टाकून बसले आणि सरांनी तो बदल एकट्यानं केला. जागा शोधायला त्यांना वेळ लागला नाही. चाचणी बरोबर आली. मालक "चालू द्या" म्हणत उठले. मला फार बरं वाटलं.

मालक आत गेल्यावर सरांनी चष्मा पुसला आणि अक्षर आणखी एक पायरी मोठं केलं. मुख्य मेथडच्या शेवटच्या ओळी स्क्रीनबाहेर गेल्या.

"एवढं पण दिसंना आता," ते हळू आवाजात म्हणाले. "साहेबासमोर वाढवायची भीती वाटली."

मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही, त्या डोळ्यांचाच म्हणा. मी खुर्ची त्यांच्याकडे ओढली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.