सात नंबरची बी बाजू

सुदामभाऊ बेंजो वाजवता वाजवता मध्येच थांबायचे. थांबायचे म्हणजे कुणी हात धरल्यासारखे. वरात रंगात आलेली, नवरदेवाचा मामा एक पाय वर करून नाचतोय, टाइपरायटरसारख्या बटणांवर भाऊंची डावी बोटं पळताहेत, आणि कट. मामाचा पाय तसाच वर. आमच्या भाजे गावापासून पार वडगावपर्यंत लोक याला 'सुदामचा कट' म्हणायचे आणि खूश व्हायचे. भाऊ मात्र दर वेळी मान खाली घालून पुटपुटायचे, "फुडचं ठावं न्हाई रं." मी त्यांच्या बेंजो पार्टीत शेजारी कॅसिओ वाजवायचो, म्हणून मला ते ऐकू यायचं.

पार्टी ही हौस. पोटासाठी भाऊ खंडाळ्याच्या बंगल्यांत वायरमनचं काम करत. तिथल्या एका साहेबांनी बंगला विकताना त्यांना खोकंभर कॅसेट दिल्या. परदेशी रॉक संगीत, साहेबांनी आपल्या रेकॉर्डवरून उतरवून घेतलेलं. कॅसेटवर ना नाव ना गाव, फक्त एक ते चौदा नंबर. जगाने डोक्यावर घेतलेले ते अल्बम भाज्यात नंबरांनीच नांदले. "चार नंबरचा ढोलवाला घरी भांडून आलाय," भाऊ सांगायचे. "नऊ नंबरचा गानारा दमेकरी हाय, पर सोडत न्हाई." आणि नेहमीचं एक वाक्य, "ह्या लोकास्नी घाई न्हाई. गान्याला बसाय जागा देत्यात." पुढे मी थोर अल्बमांबद्दल बरंच वाचलं, पण भाऊंइतकं नेमकं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

सात नंबरच्या बी बाजूला शेवटच्या गाण्यात एकटी गिटार सुरू होते, चढत जाते, आणि तिथेच टेप संपते. साहेबांची रेकॉर्ड लांब, कॅसेट आखूड. भाऊंनी ती गिटार बेंजोवर बसवली, हळदीत वाजवली, जयंतीच्या मिरवणुकीत वाजवली, पण टेप संपली तिथपर्यंतच. पुढचं तुम्हीच जोडा की, असं मी म्हणायचो. "दुसऱ्याच्या तोंडातलं बोलनं आपन कसं पुरं करायचं?" ते विचारायचे.

मग डीजे आले आणि पार्टी मोडली. मी तहसीलमध्ये कारकून झालो. भाऊंना साखर होती, तिने डाव्या हाताची दोन बोटं बधिर केली आणि तिसरंही वाकडं व्हायला लागलं. तेव्हापासून त्यांनी माझ्यामागे धोशा लावला. "दिलीप, बोटं जायच्या आदी मला त्येचा शेवट पायजेल. येकदा पुरं वाजवतो, मग जाऊ दे हात." कॅसेटला बुरशी लागून ती केव्हाच गेली होती. गाणं ओळखायला त्यांनी वाजवलेलं फोनला ऐकवून पाहिलं, तर फोनने कुठलंसं भजन काढून दिलं. भाऊ हसले नाहीत. प्रत्येक रविवारी ते दारातच बसलेले असायचे आणि मी नकारार्थी मान हलवली की आत जायचे. तो रविवार मला नकोसा व्हायला लागला होता.

सापडलं ते भाज्याच्या लेण्यांखालच्या पार्किंगमध्ये. एका गाडीतून तीच गिटार ऐकू आली आणि मी काचेवर थापा मारत सुटलो. आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी घाबरून काच खाली केली, नंतर हसून अल्बमचं नाव माझ्या फोनमध्ये लिहून दिलं.

भाऊंनी बेंजो मांडीवर घेतला. मी गाणं लावलं. टेप संपायची ती जागा आली आणि गेली. भाऊंचे डोळे मोठे झाले. गिटार तेच फिरवून फिरवून बोलत राहिली आणि हळूहळू बारीक होत गेली.

"चार्जिंग संपलं का?"

"नाही, भाऊ."

पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. मग मला सांगावंच लागलं, की रेकॉर्ड करताना ते शेवटी आवाजाचं बटण हळूहळू खाली करतात, म्हणून शेवट असा नाहीच.

"म्हंजे संपवलंच न्हाई त्यांनी? येवढी मोठी मानसं?" भाऊंचा आवाज फाटला. "जल्म गेला रं माझा." त्यांनी बेंजोवर खोळ चढवली, ती त्या बोटांनी चढेना, मी हात लावला तर माझा हात झटकला. त्यांच्या घरातून मी असा कधीच निघालो नव्हतो.

आठ दिवसांनी त्यांनीच बोलावलं. "वरात वळनाआड गेली की दारात ऱ्हायलेल्याला तसंच आयकू येत आसंल. बारीक बारीक. मी कायम वरातीत, मला काय ठावं?" पार्टी मोडण्याआधीच्या शेवटच्या जयंतीला त्यांनी वाजवलेलं माझ्या फोनवर होतं. "माझा बेंजो लांब जाताना मला आयकव. मागं बघू नगं."

भाऊंना दारात बसवून, माझ्या मुलीचा छोटा स्पीकर डोक्यावर धरून मी मळवलीच्या रस्त्याने हायवेच्या पुलापर्यंत गेलो. परत आलो तर ते रागावलेले. "हायवेच्या गोंगाटानं खाल्लं. पिंपळापतूरच आलं. रविवारी मोठा कर्णा आन."

त्या रविवारी मला निवडणुकीचं काम लागलं. पुढच्या आठवड्यात नक्की, असा निरोप धाडला. गुरुवारी भाऊ गेले. तहसीलच्या साहेबांकडे सुट्टी मागता आली असती, मी मागितली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

त्यांच्या अंत्ययात्रेच्या मागे मी हातगाडीवर मोठा कर्णा बांधून नेला आणि तेच वाजवणं लावलं. वळणावर एकदम लक्षात आलं, भाऊ आजही वरातीतच आहेत. मला रस्त्यावरच रडू फुटलं.

शांतामावशींचे, म्हणजे भाऊंच्या बायकोचे, गुडघे चालत नाहीत, त्या दारातच राहिल्या होत्या. परतल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्या रस्त्याकडेच बघत होत्या.

"दिलीप," त्या म्हणाल्या, "बंद कुटं केलंस रं? मला कळलंच न्हाई."